दुधातून गोळी द्यावी का?

(पत्राचा सारांश. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

सातारा-सांगलीकडच्या एका गावातून ४६ वर्षांच्या ताईंचं पत्र आलंय. घरी आठ संकरित गाई आणि थोडा ऊस. यजमान ५१ वर्षांचे. पहाटे चारला उठून धार काढणारा, दिंडीत टाळ धरणारा हा माणूस गेले चार महिने अंथरुणातून उठायला तयार नाही. उठला तर गोठ्याच्या ओट्यावर बसून राहतो. जेवण निम्म्यावर आलंय, सदरे अंगावर लोंबायला लागलेत. रात्री दोनला जाग येते, मग डोळा लागत नाही. बारीकसारीक गोष्टींवरून वसकन अंगावर येतात. पाठ दुखते, छातीत जळजळतं. दोन डॉक्टर झाले, ईसीजी झाला, रिपोर्ट नॉर्मल. आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेला माणूस आता झोप यावी म्हणून रात्री क्वार्टर घेतो. घ्यायला लागला त्या दिवशी गळ्यातली माळ काढून देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला अडकवली. यंदा वारी चुकली. २०२२ साली लम्पीत दोन गाई गेल्या, गोठ्याचं कर्ज आहे, पण हप्ते थकलेले नाहीत. ‘मग दुःख कशाचं?’ असं जो तो विचारतो. सासूबाईंच्या मते हे बाहेरचं आहे. देवऋषी करून झाला. मानसोपचाराचं नाव काढलं की यजमान उसळतात, “मला येडा ठरवताय? येरवड्याला धाडायचंय?” ताईंच्या एका मावसभावाचं मेडिकल आहे. तो म्हणतो, गोळी देतो, रोज रात्री दुधात विरघळवून द्या, त्यांना कळणारही नाही. ताई विचारतात, देऊ का?

पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे. गेल्या आठवड्यात यजमानांनी चाकणला नोकरी करणाऱ्या मुलाला बोलावून घेतलं आणि पासबुक, सोसायटीच्या कर्जाचे कागद, विम्याची पॉलिसी कुठं ठेवलीय ते दाखवलं. “मला बरं वाटलं, घरात लक्ष घालायला लागले.”

ताई,

गोळीचं उत्तर ‘नाही’ असं आहे. का, ते सांगते. पण आधी ती शेवटची ओळ.

ती मी तीनदा वाचली. तुम्हीच लिहिलंय की डेअरीच्या पावत्या त्यांच्या खिशात तशाच राहतात आणि धुण्यात त्यांचा लगदा होतो. एकेकाळी फॅट पॉइंटभर कमी लागली तरी संकलन केंद्रावर जाऊन भांडणारा माणूस! ज्याला पावतीकडे बघवत नाही, तो एकाएकी पासबुक आणि पॉलिसी पोराच्या हवाली करतो, तेव्हा मला ती आवराआवर वाटते. पत्राखाली तुमचा नंबर होता म्हणून त्याच संध्याकाळी फोन केला. आपलं तेव्हा जे बोलणं झालं ते इथे पुन्हा लिहिते, कारण अशी आवराआवर बघून ‘बरं वाटलं’ म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या नाही.

मी सांगितलं, त्यांना सरळ विचारा, जीव द्यायचा विचार मनात येतो का? तुम्ही गप्प झालात. मग म्हणालात, “असलं विचारून नसलेलं डोक्यात घालायचं का?” ही भीती मी घरोघरी ऐकते. पण विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. नसेल तर माणूस ‘काहीतरीच काय’ म्हणून झटकून टाकतो, असेल तर बोलायला वाट होते. तुम्ही त्या रात्री विचारलंत. सकाळी सहाला तुमचा फोन आला. ते कितीतरी वेळ आढ्याकडे बघत होते आणि मग म्हणाले, “येतं मनात. पण पोरीचं शिक्षण व्हायचंय.”

चार महिन्यांत त्यांना हे पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं, आणि त्यांनी उत्तर दिलं. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच सकाळी तुम्ही फवारणीची औषधं, तणनाशक, उंदराचं औषध, सगळं दिरांच्या घरी कुलपात ठेवलंत. ते तिथेच राहू द्या आणि फवारणीही दिरांनाच करू द्या. ही लाट पुष्कळदा थोड्याच वेळाची असते, आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर फार काही ठरतं. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली, आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. तिथल्या शेतकऱ्याची दुखणी काही संपली नव्हती, बाटली लांब गेली होती.

मुलगा आलाय, रात्री कुणीतरी त्यांच्या खोलीत झोपतंय, सोमवारी सिव्हिलला जायचं ठरलंय. पण मधेच ‘आता ठरलंय’ अशी भाषा आली, ते बाटली शोधताना दिसले किंवा कुणाकुणाचा निरोप घ्यायला लागले, तर सोमवारची वाट बघायची नाही. १०८ ची गाडी बोलवा किंवा शेजाऱ्याची जीप काढा, पण त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात न्या. पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून घरातच दाबून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं. त्याला शिक्षा करायची नसते, त्याच्यावर उपचार करायचे असतात.

आता गोळी.

फोनवर तुमचा सूर असा होता की, मनात असलं काही येत असेल तर मग दुधातून द्यायलाच हवी. तुमचा मावसभाऊ वाईट हेतूनं सांगत नाहीये, हे मला कळतं. पण त्याला विचारलंत तर तो म्हणाला, ‘झोपेची आणि टेन्शनची’ आहे. त्या जातीच्या गोळ्या आणि दारू एकत्र पोटात गेल्या तर श्वास मंदावू शकतो. क्वार्टर घेऊन झोपणाऱ्या माणसाला वर ती गोळी, तीही त्याला न सांगता! शिवाय चिठ्ठीशिवाय ती विकायचीच नसते, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

समजा, त्यानं डिप्रेशनवरचीच गोळी दिली. मी समुपदेशक आहे, औषधं लिहीत नाही, पण ती घेणारे खूप जण पाहिले आहेत. पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत काहींना मळमळतं, पोट बिघडतं, जीव जास्तच अस्वस्थ होतो. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलेलं असलं की माणूस ते दिवस काढतो. न सांगता दिलीत तर त्यांना वाटणार नवीनच दुखणं लागलं, आणि सासूबाईंना भानामतीचा आणखी एक पुरावा मिळणार. दुसरं असं की काही जणांच्या आयुष्यात उदासीच्या आधी कधीतरी उलटा काळ येऊन गेलेला असतो. दोन-तीन तास झोपूनही अंगात वारं भरलेलं, भरमसाट खर्च, डोक्यात नुसते बेत. अशा माणसाला फक्त उदासीवरची गोळी दिली तर तो त्या टोकाला जाऊ शकतो. डॉक्टर हे आधी विचारून घेतात. दुधाचा पेला काही विचारत नाही.

आणि खरं सांगू? हे सगळं बाजूला ठेवलं तरी मी नाहीच म्हणाले असते. फोनवर तुम्ही केवढ्या अभिमानानं सांगितलंत की वीस वर्षांत डेअरीवर आपल्या दुधाची डिग्री कधी कमी लागली नाही. ज्यानं दुधात कधी पाणी घातलं नाही, त्याला दुधातूनच फसवायचं? एक दिवस पेल्याच्या तळाशी पांढरा साका दिसेल. त्या दिवसापासून ते तुमच्या हातचं पाणीही बघून पितील, आणि औषध तर कायमचंच सुटेल.

तुम्ही धरून चालला आहात की ते तयारच होणार नाहीत. मला तसं वाटत नाही. पाठीसाठी, छातीसाठी ते आपल्या पायांनी दोन दवाखाने चढले, रक्त दिलं, ईसीजीला आडवे झाले. त्यांनी नकार दिलाय तो ‘येडा’ या शब्दाला. आपल्याकडे हा आजार पुष्कळदा अंगातूनच बोलतो. पाठ, डोकं, ॲसिडिटी, ‘हातापायातलं बळ गेलंय’, अशी तक्रार घेऊन माणूस येतो. बायकांच्या डोळ्यांत पाणी दिसतं म्हणून निदान कुणी विचारतं तरी. पुरुषाचा नुसता संताप दिसतो, मग घरचे त्याच्यापासून चार हात लांबच राहतात. तेव्हा शब्दावर हटून बसू नका. “तुमची झोप गेलीय, ती आधी परत आणू. झोपेच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ,” एवढंच म्हणा. यात खोटं काही नाही. झोपेचं ते बघतातच, आणि बाकीचं काय ते डॉक्टर त्यांना समोरासमोर सांगतील.

कुठं बोलायचं, हेही बघा. जेवायला बसल्यावर सगळ्यांदेखत नको. गोठ्यात बोला. हात कामात असले, नजर गाईकडे असली की अवघड बोलणं सोपं होतं. आणि ‘तुम्ही असे का वागता’ ऐवजी जे दिसलं ते सांगा. “तुम्ही रात्री दोनला उठून बसता, मला जाग असते. मला भीती वाटते.” उपदेशाला ते फणकारतील. तुमची भीती ऐकून घेतील, असा माझा अंदाज आहे.

‘दुःख कशाचं?’ या प्रश्नाचा मला खरोखर राग येतो. तुमच्या गाईनं दोन वेळा वैरण तोंडाला लावली नाही, रवंथ थांबला, की हेच यजमान रात्री अकराला जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावतात. गोठा पक्का, मका पोटभर, मग तुला दुःख कशाचं, असं तिला कुणी विचारत नाही. माणसाला मात्र आधी कारण दाखवावं लागतं आणि मग आजारी पडता येतं. लम्पीचं वर्ष, कर्ज, वाढलेला पेंडीचा दर, यातल्या कशानं सुरुवात झालीही असेल. पण कारण मागे पडलं तरी आजार राहतो, आणि कधी कधी बोट ठेवावं असं कारण सापडतही नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खालावलेलं किंवा कशातच रस नाही. जोडीला झोप, भूक, ताकद, एकाग्रता गेलेली, स्वतःला सतत दोष देणं, मरणाचे विचार. यातलं बरंच काही एकत्र असलं की डॉक्टर त्याला नैराश्याचा आजार म्हणतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या साधारण वीस प्रौढांमागे एकाला तो आयुष्यात कधी ना कधी झालेला आढळला. तुमच्या डेअरीवर सकाळी कॅन घेऊन जेवढी माणसं रांगेत उभी असतात, त्यांत दोघं-तिघं तरी असतील. बोलत नाहीत, एवढंच.

त्या स्वतःला दोष देण्यावरून माळेकडे येते. तुम्ही लिहिलंय, ‘देवावरचा विश्वासच उडाला बघा.’ मला उलटं वाटतं. विश्वास उडालेला माणूस माळ घालूनही प्यायला असता. यांनी ती काढली, नीट खुंटीला लावली. आपण आता त्या लायकीचे राहिलो नाही, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलंय, आणि हा आजार नेमकं हेच करायला लावतो. म्हणून माळेची शपथ घालून दारू सोडवायला जाऊ नका, दोष आणखी वाढेल. त्यापेक्षा दिंडीतला जो टाळकरी त्यांच्या जवळचा आहे त्याला सांगा, येऊन नुसता बसत जा. वारीचा विषय त्यानं काढायचा नाही. चहा प्यायचा, पावसाचं बोलायचं, जायचं.

दारूचं डॉक्टरांना खरं सांगा, रोज किती आणि कधीपासून ते. ती सुरुवातीला गुंगी आणते आणि उत्तररात्री झोप मोडते. दोनला जाग येण्यात तिचाही हात असणार. पण रोज पिणाऱ्यानं एका झटक्यात बंद केली तर थरथर, घाम, क्वचित फिटही येऊ शकते, म्हणून कशी थांबवायची हेही डॉक्टरांनाच ठरवू द्या.

सोमवारी डॉक्टर बहुधा रक्त तपासायला सांगतील. थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२. थायरॉईड मंदावलं तरी माणूस असाच सुस्त आणि उदास होतो, आणि शाकाहारी माणसांत बी-१२ कमी असणं आपल्याकडे सर्रास दिसतं. आधीचे रिपोर्ट असतील तर बरोबर न्या. यांतलं काही निघालं तर त्यावर उपचार होतीलच, पण ‘बघा, नुसतं बी-१२ होतं’ म्हणून बाकीचं सोडू नका.

येरवड्याची भीती त्यांना असेल तर ती काढून टाका. डिप्रेशनचे बहुतेक पेशंट बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी येतात. गोळी सुरू झाली तर फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला सहा-आठ. पहिल्या दहा दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून बंद करणारे निम्म्या वाटेवरून परततात. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने किंवा जास्त चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करत थांबवतात. मनानं एकदम सोडायच्या नाहीत. आणि एक बारीक गोष्ट, काही गोळ्यांनी नवरा-बायकोच्या संबंधांतली इच्छा कमी होते. लाजेनं कुणी सांगत नाही आणि गुपचूप गोळी सोडतात. सांगा, डॉक्टर बदलून देतात.

गोळीखेरीजही बरंच काही असतं. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेनं सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी डिप्रेशनच्या रुग्णांना सहा-आठ वेळा भेटायचं, आणि सुटलेल्या गोष्टींतली एक-एक परत हातात घ्यायला मदत करायची. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. यातली मेख अशी की ‘मन लागलं की काम करीन’ हा क्रम त्यांनी उलटा केला. आधी एवढंसं काम, मन त्याच्या मागून येतं.

इथे ताई, तुमचंही जरा चुकतंय. तुम्ही साडेतीनला उठता, आठही गाईंची धार, शेण, वैरण, डेअरी, सगळं एकटीनं ओढता आणि त्यांना म्हणता, ‘तुम्ही बसा.’ मायेनं म्हणता. पण त्यांच्या कानाला ते ‘तुमच्यावाचून चालतंय’ असं ऐकू येत असेल तर? सगळं काम परत गळ्यात घालू नका, एकच द्या, सर्वांत सोपं. झालं नाही तर त्यावर बोलू नका.

सासूबाईंशी वाद घालत बसू नका. अंगारा लावायचा तर लावू दे, त्यानं गोळीला धक्का लागत नाही. उपास आणि जागरणं मात्र आत्ता नकोत. गावात कळेल ही भीती मला समजते, पण रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर कायद्यानं बंधनकारक आहे.

ज्यांना सिव्हिल लांब पडतं त्यांनी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात विचारावं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरावीक वारी कुठं येतं, ते तिथे कळतं. आणि १४४१६ हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची २०२२ साली सुरू झालेली सेवा आहे, दिवसरात्र चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. आजारी माणसानंच फोन करायचा असं काही नाही. तुम्ही करा, तुमच्यासाठीसुद्धा. चार महिने तुम्हीही धड झोपलेल्या नाही, फोनवर आवाजातच कळत होतं.

सोमवारी नाव नोंदवायला सकाळी लवकर पोचावं लागेल, म्हणजे पहिली एसटी. आदल्या रात्री एका कागदावर लिहून ठेवा, कधीपासून, काय काय, दारू किती, त्या रात्री काय म्हणाले. तिथे गेल्यावर आठवत नाही. धारेचं जाऊबाईंना आजच सांगून ठेवा, सात गाईंचं. आठवी, ती शांत उभी राहते म्हणालात ना, तिची बादली त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही चूल पेटवायला जा.